व्हिडिओतली गाडी पहिल्याच सेल्फला कशी सुरू होते?

वर्षानुवर्षं पडून असलेली गाडी पुन्हा चालू करण्याच्या व्हिडिओंमध्ये सगळं खोटं नसतं, पण बरंच काही आधी करून ठेवलेलं असतं. २० वर्षं उभी असलेली गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, तर टाकी आणि कार्बोरेटर कॅमेऱ्याआधीच साफ झालेत असं समजा. जुनं पेट्रोल डिंकासारखं चिकट होऊन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रं, बुजवतं, ते आपोआप मोकळं होत नाही. तुम्ही मात्र थेट सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, दोन-तीन दिवस थांबा, मग क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, बोल्टला पाना लावून हातानं हळूहळू फिरवा. अडलं तर जोर करू नका, पिस्टनची रिंग तुटू शकते. आणि ब्रेक उघडून न तपासता गाडी रस्त्यावर नेणं, हे तर अजिबात शिकू नका.

गंज नीट बघा. खरा गंज आतून खातो: दाराखालचा पत्रा, चाकाच्या कमानी, फ्लोअर. स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातो. व्हिडिओसाठी मिठाचं पाणी मारून आणलेला गंज नुसता वर बसतो. पॉलिश पेपर फिरवला की खाली गुळगुळीत पत्रा दिसतो.

रंगकामाच्या व्हिडिओत वाळण्याचा वेळच कापलेला असतो. पुटी साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जाड भरली की पुढे तडकते, आणि प्रायमर पुरता वाळायच्या आत घासला तर ओरखडे काही आठवड्यांनी रंगातून वर दिसतात.