लाल पेनाआधी : लेखनवर्ग चालवणाऱ्यांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं मुलांसाठी वाचन-लेखनाचं काम करणाऱ्या संस्थांमधल्या ताई-दादांची आहेत. कुणी वस्तीतल्या वाचनालयात, कुणी गावातल्या शाळेच्या ओसरीवर वर्ग घेतं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आम्ही दर शनिवारी पाचवी ते सातवीच्या मुलांचा लेखनवर्ग घेतो. विषय कोणताही द्या, मुलं शाळेतला निबंधच लिहितात. 'पावसाळा' म्हटलं की प्रत्येक वहीत तोच वरुणराजा आणि तीच हिरवीगार शाल. काय चुकतंय?
*एक कार्यकर्ती, पुणे*

विषय फार मोठा आहे. 'पावसाळा' या शब्दाचं एक 'बरोबर' उत्तर असतं आणि ते गाइडमध्ये छापलेलं असतं, हे मुलांना पक्कं ठाऊक आहे. कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही इतका विषय लहान करा. 'पाऊस घरात शिरला की तुमच्याकडे सगळ्यात आधी काय उचलून वर ठेवतात?' असं विचारलं तर कुणी पिठाचा डबा लिहील, कुणी दप्तर, कुणी रेशनकार्डाची पिशवी. मग ते कोण उचलतं, कुठे ठेवतं, तेव्हा घरात कोण कुणाला काय बोलतं, हे विचारलं की पानभर मजकूर होतो. 'घरातली अशी एक वस्तू जी कुणी वापरत नाही, पण टाकतही नाही' हाही असाच चांगला विषय. 'फुटक्या घड्याचे आत्मवृत्त' मात्र वर्षभर बाजूला ठेवा. घडा काय बोलतो हे मुलांना आधीच पाठ असतं.

दुसरी चूक वेळेच्या वाटणीत होते. विषय फळ्यावर लिहायचा आणि 'चला, लिहा' म्हणायचं, यात मधला टप्पा गळतो. नव्वद मिनिटांचा वर्ग असेल तर पहिली दहा मिनिटं खेळाला द्या, पंधरा मिनिटं काहीतरी मोठ्याने वाचून दाखवा आणि पुढची वीस मिनिटं नुसत्या गप्पा होऊ द्या. त्यानंतर पंचवीस मिनिटं लेखन, आणि उरलेल्या वीस मिनिटांत एकमेकांना वाचून दाखवणं. वेळ कमी पडला की पहिली कात्री हमखास गप्पांना लागते. ती खेळाला लावा, कारण मुलं जे लिहिणार असतात ते आधी बोलून झालेलं असावं लागतं.

लिहायला बसल्यावर पहिली चार-पाच मिनिटं कुणाचीच पेन्सिल हलत नाही. घाबरून सूचना देऊ नका. मुलांच्या मागून वहीत डोकावत फिरू नका, खाली बसून तुम्हीही लिहा. पाच मिनिटांत 'झालं!' म्हणणाऱ्याला 'अजून लिही' सांगून उपयोग नाही. त्याच्या मजकुरातली एक जागा धरा : 'आजी ओरडली असं लिहिलंयस. काय म्हणाली ती?' तेवढ्यावर संवाद येतो आणि लेखन हलतं. नमुना म्हणून एखादा उतारा वाचणार असाल तर एकमेकांशी अजिबात न जुळणारे दोन वाचा. एकच वाचला की पंधरा वह्यांत त्याच्या पंधरा नकला उतरतात.

मुलांची संख्या पंधरा-सोळा आणि मोठी माणसं दोन, हे प्रमाण चालतं. वीसच्या वर मुलं गेली की वाचून दाखवणं पुरं होत नाही आणि राहिलेली मुलं पुढच्या शनिवारी येत नाहीत. तेव्हा आधी जोडीजोडीने वाचू द्या, मग तिघा-चौघांनाच सगळ्यांसमोर बोलवा, पुढच्या वेळी दुसरे.

तीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. आता एका संस्थेत स्वयंसेवक आहे. तिथल्या तरुण ताई म्हणतात, मुलांच्या चुका काढू नका. मग शुद्धलेखन शिकवायचं कधी?
*एक वाचक, सातारा*

चुका काढायच्या, पण दुसऱ्या खर्ड्यात. पहिला खर्डा हातात आला की आधी मजकुराबद्दल बोला : काय कळलं, कुठे हसू आलं, कुठे गोंधळ झाला. मुलाच्या लेखनाला सर्वांत आधी वाचक भेटला पाहिजे. पहिल्या पानावर लाल पेनाच्या वीस खुणा दिसल्या की पुढच्या वेळी मूल ज्यांची खात्री आहे तेवढेच शब्द वापरतं. 'वैतागली' लिहायचं असतं, पण 'वै'वरच्या मात्रांची धास्ती म्हणून 'रागावली'वर भागवतं. चुका कमी होतात आणि भाषाही आटते.

दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी एकच नियम घ्या. मराठीत सगळ्यात जास्त चुका एका जागी होतात. शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ : मूल, फूल, बहीण, वकील. प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व : मुलाला, फुलाला, बहिणीला, वकिलाला. मुलं 'फूलाला' लिहितात, कारण 'फूल' त्यांनी नीट पाठ केलेलं असतं. म्हणजे ही चूक अभ्यासातून आलेली आहे, निष्काळजीपणातून नव्हे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष, मंदिर हे शब्द या नियमात बसत नाहीत. मुलाने विचारलं तर सांगा, अपवादांची यादी आधीच पुढे करू नका.

खूण पेन्सिलीने करा, तीही शब्दावर न करता समासात : या ओळीत एक चूक आहे, शोध. सापडली नाही तर शेजाऱ्याला विचारू द्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या पिढीच्या शिक्षकांना सांगायला हवी. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांवर आपण बोट ठेवतो (१९६२ साली शासनाने १४ मान्य केले, १९७२ साली चार वाढले), त्यांतच पात्राच्या तोंडची भाषा 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी उच्चाराप्रमाणे अनुस्वार देऊन लिहिण्याची सोय आहे. गोष्टीतल्या आजीच्या तोंडचं 'केलं' खोडून 'केले' करणारा शिक्षक नियमालाही धरून नसतो.

पाचवीतल्या निम्म्या मुलांना धड वाचता येत नाही. त्यांच्याकडून गोष्टी कशा लिहून घ्यायच्या? शिवाय घरी सगळे अहिराणी बोलतात.
*एक दादा, धुळे जिल्हा*

आधी कोण कुठे आहे ते पाहा. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या 'असर' पाहणीतली रीत सोपी आहे आणि एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात. मुलाला सोपा परिच्छेद वाचायला द्या. तीनपेक्षा जास्त चुका न करता, वाक्य म्हणून वाचला तर मोठी गोष्ट द्या. नाही जमला तर सुटे शब्द द्या, पाचांतले चार आले पाहिजेत. तेही नाही तर अक्षरं, तिथेही पाचांत चार. मग इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करा. तपासणी एकेकट्याची आणि बाजूला घेऊन करा. सगळ्यांसमोर अडखळलेलं मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.

अक्षरांच्या गटाला क पासून ज्ञ पर्यंत नेऊ नका, कारण त्या वाटेने पहिला अर्थपूर्ण शब्द भेटायलाच महिना जातो. क, म, ल, र, स आणि काना एवढ्यावर काका, मामा, काम, माल, रस, कमाल हे शब्द पहिल्याच आठवड्यात होतात. ऱ्हस्व वेलांटीला वेगळा वेळ द्या : ती बोलताना अक्षरानंतर येते, लिहिताना अक्षराआधी, आणि मुलं अडखळतात ती नेमकी तिथे. 'सूर्य'मधल्या रफाराचंही तसंच. र उच्चारायचा य च्या आधी, काढायचा य च्या डोक्यावर.

गोष्टीसाठी मात्र वाचता येण्याची वाट पाहायची नाही. मुलाने सांगायचं, तुम्ही लिहायचं. मोठा कागद आणि जाड मार्कर घ्या. चार ते सहा वाक्यं पुरेत. प्रत्येक वाक्य लिहून झालं की शब्दाखाली बोट फिरवत वाचा, मग मुलाला तसंच वाचू द्या. दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं पट्ट्यांवर लिहून उलटसुलट द्या, त्याने क्रम लावायचा. तिसऱ्या दिवशी एकेक पट्टी शब्दाशब्दांत कापा. तुकडे मुलाच्या नावाच्या पाकिटात राहतील.

हा प्रयोग फसतो तो लिहिणारा 'सुधारून' लिहितो म्हणून. मूल 'मामाना गावले' म्हणालं आणि तुम्ही 'मामाच्या गावाला' लिहिलंत, तर वाचताना त्याच्या तोंडी त्याचे शब्द येणार आणि बोटाखाली तुमचे. आवाज आणि अक्षर यांची जी गाठ बसायची तीच सुटते. म्हणून अहिराणी तर अहिराणी, जसं सांगितलं तसं लिहा. गोष्ट वाचता यायला लागली की तिच्याशेजारी प्रमाण मराठीतली वाक्यं ठेवा आणि दोन्हींत काय वेगळं आहे ते मुलांनाच शोधू द्या. वर्गात अहिराणी, भिली बोलणारी मुलं एकत्र असतील तर हा तास फार रंगतो.

'हे काय लेखन झालं?' असं कुणी म्हणालं तर बहिणाबाईंचं नाव घ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि एका आप्ताने उतरवून घेतल्या, त्याही खानदेशी बोलीत, आणि पुस्तक निघालं ते त्यांच्या पश्चात, १९५२ साली.

अमेरिकेत मुलांच्या लेखनकेंद्रांना म्हणे दुकानं जोडलेली असतात. हे काय प्रकरण आहे?
*एक विद्यार्थिनी, डोंबिवली*

सॅन फ्रान्सिस्कोत '८२६ व्हॅलेन्सिया' हे केंद्र लेखक डेव्ह एगर्स आणि शिक्षिका निनिव्ह कॅलेगरी यांनी २००२ साली सुरू केलं. ती जागा नियमाने दुकानासाठी राखीव होती, म्हणून त्यांनी दर्शनी भागात समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं आणि मागे शिकवणी. नियमाची पळवाट होती, पण एक फायदा पदरात पडला : 'कच्च्या मुलांच्या शिकवणीला' जायची लाज उरली नाही, मुलं चाच्यांच्या दुकानात जायला लागली. लंडनमध्ये राक्षसांच्या सामानाचं दुकान अशाच केंद्राला जोडलेलं आहे. आपल्याकडे दुकान परवडायचं नाही, पण दारावरची पाटी बदलता येते. 'उपचारात्मक वर्ग' ही पाटी आधी काढा.

एका मुलीच्या गोष्टीत घरातल्या माणसाच्या वागण्याबद्दल असं काही होतं की आम्ही हादरलो. ती 'ही नुसती गोष्ट आहे' म्हणते. काय करावं? (नाव-गाव प्रसिद्ध करत नाही.)

ते लेखन वर्गात वाचलं जाऊ देऊ नका, आणि इतर ताई-दादांमध्ये चर्चेला घेऊ नका. मुलीशी नेहमीच्या, दिसत्या जागी पण इतरांच्या कानाआड बोला. एकच मोकळा प्रश्न : 'याबद्दल तुला काही सांगायचंय का?' नाही म्हणाली तर थांबा. सांगितलं तर ऐकून घ्या. 'कधी, किती वेळा, नक्की का' अशी उलटतपासणी तुमचं काम नाही, आणि त्याने पुढच्या चौकशीचं नुकसान होतं. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. तिचे शब्द तिच्याच भाषेत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मूळ कागद जपा. संस्थेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना त्याच दिवशी कळवा. अशी व्यक्ती नेमलेलीच नसेल तर हा वर्ग सुरू करताना राहून गेलेलं पहिलं काम ते आहे.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर निर्णय संस्थेच्या मर्जीवर नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. सल्ल्यासाठी आणि मदतीसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी घरी फोन करू नका.

प्रत्येक भुताची गोष्ट म्हणजे तक्रार नसते, हेही खरं. मुलं रक्त, खून, चेटूक मजेने लिहितात. फरक बहुधा तपशिलात दिसतो : गोष्टीतला राक्षस मोठा आणि ढोबळ असतो. इथे मात्र दाराची कडी, ठरावीक वार, घरात कोण नसताना, असं बारीक काही येतं. शंका राहिली तर ती मनात न ठेवता कळवलेली बरी.

वर्षाखेरीस मुलांच्या लेखनाची पुस्तिका काढायची आहे. पैसे जेमतेम. छपाईत काय सांभाळावं?
*एक समन्वयक, कोल्हापूर*

ए-फोर कागद मधोमध दुमडून होणारी पुस्तिका सर्वांत स्वस्त. पानं चारच्या पटीत हवीत. चार कागदांची सोळा पानं, वर जाड कव्हर, मधल्या घडीवर दोन पिना. साध्या स्टेपलरचा हात घडीपर्यंत पोचत नाही, लांब हाताचा स्टेपलर झेरॉक्सवाल्याकडे मिळतो. आत ८० जीएसएमचा कागद घ्या. त्याहून पातळ घेतला तर मागची चित्रं पुढे दिसतात.

पानांची जुळणी बिघडते ती इथे : सोळा पानांच्या पुस्तिकेत सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १ शेजारी येतात, दुसऱ्या बाजूला २ आणि १५. जोडीची बेरीज नेहमी १७. रद्दीचे चार कागद दुमडून पेन्सिलीने आकडे घाला, मग ते उघडून पाहा आणि तोच नमुना छापणाऱ्याला द्या. दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवरून उलटायचा. लांब कडेवरून उलटला तर मागची पानं डोक्यावर उभी राहतात.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टातून रूपांतर केलं की जोडाक्षरं तुटतात आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. मुंबईच्या एक टाइपने काढलेला 'मुक्ता' हा मोफत फॉन्ट लहान वाचकांना चांगला. १४ पॉइंटात एका पानावर साधारण दीडशे शब्द बसतात, त्यामुळे कुणाला किती जागा ते आधीच सांगता येतं. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडून पाहा, काही फॉन्टांत तेवढ्याने वळण बदलतं. चित्रं काळ्या पेनाने काढून घ्या, पेन्सिल झेरॉक्सवर उडते.

निवड करू नका. वर्गातल्या प्रत्येक मुलाचं काहीतरी छापलं जावं, मग ते चार ओळींचं का असेना. अंतिम प्रूफ मुलांकडून वाचून घ्या. दुसऱ्याने टाइप केलेल्या आपल्या मजकुरातली चूक त्यांना लगेच दिसते. लेखनाचा हक्क १९५७ च्या कायद्याने लिहिणाऱ्याचा, म्हणजे मुलाचा आहे. म्हणून पालकांची लेखी परवानगी घ्या आणि पुस्तिका इंटरनेटवरही टाकणार असाल तर तसं त्यात स्पष्ट लिहा. नुसतं पहिलं नाव आणि वय छापा. आडनाव, शाळा, पत्ता नको. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, भारतात मोफत मिळतो, पण गावात वाटायच्या पुस्तिकेला त्याची गरज नाही.

प्रती मोजताना प्रत्येक मुलाला दोन धरा, कारण एक आजोळी जाते. बाकीच्या शाळेत, अंगणवाडीत आणि मुलं ज्या केशकर्तनालयात रांगेत बसतात तिथे ठेवा.