हिरव्या बाटलीला भुलू नकोस

हिरव्या बाटलीतली बीअर म्हणजे भारी, हा समज आधी काढून टाक. मीही कित्येक वर्षं त्याच रुबाबाला भुललो आणि तिचा उग्र वास ‘परदेशी चव’ म्हणून कौतुकाने पीत राहिलो! खरं तर तो बिघाड असतो. कडवटपणा देणारे हॉप्सचे (बीअरमध्ये घालतात त्या फुलांचे) घटक प्रकाशात तुटतात, बीअरमधल्याच रायबोफ्लेविनच्या (ब-२ जीवनसत्त्वाच्या) मदतीने, आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. त्याचा लवलेशही नाकाला झोंबतो. दोष अतिनील आणि निळ्या प्रकाशाचा. तपकिरी काच तो बराचसा अडवते, हिरवी फारच थोडा, पारदर्शक त्याहून कमी. थेट उन्हात पारदर्शक बाटलीतली बीअर काही मिनिटांत बिघडू शकते. (काही कंपन्या अशा बाटलीसाठी प्रक्रिया केलेला, प्रकाशात टिकणारा हॉप्सचा अर्क वापरतात; ती गोष्ट वेगळी.)

म्हणून सुरुवातीला लागर (थंड तापमानात सावकाश आंबवलेली बीअर) कॅनमधली घे. कॅनला नाकं मुरडणारे भेटतील, लक्ष देऊ नकोस. बाटलीच हवी तर तपकिरी, आणि तीही दिव्याखालच्या फळीवरची नको, बंद खोक्यातली माग. तारीख बघ, ताजी असेल तीच घे. उष्णतेपासून तपकिरी काचही वाचवत नाही.

चवीचं म्हणशील तर चेक पिल्सनरपासून सुरू कर. १८४२ साली प्लझेन शहरात जन्मलेला हा लागरचाच प्रकार. हॉप्स त्यात स्पष्ट कळतात. कडू वाटली तर म्यूनिकची हेलेस, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) चवीकडे झुकणारी. आणि बर्फगार नको, ग्लासात ओतून आधी वास घे.