टू-स्ट्रोक बसमध्ये चुकीचं ऑइल : गॅरेजवाल्यावर दावा लावू का?

वाचकाचं पत्र, थोडं कापून :

"ताई, मी निवृत्त माणूस, सॅक्रामेंटोजवळ राहतो. गेल्या वर्षी १६,५०० डॉलरला १९८० ची एमसी-९ बस घेतली, आत पलंग, ओटा सगळं केलेलं आहे. इंजिन डेट्रॉइट डिझेलचं ८व्ही-७१, टू-स्ट्रोक. मे महिन्यात 'डिझेल स्पेशालिस्ट' अशी पाटी असलेल्या गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली. त्यांनी १५डब्ल्यू-४० सिंथेटिक, सीके-४ दर्जाचं ऑइल टाकलं. बिलावर तसंच लिहिलंय. पुढे १,९०० मैलांनी डोनर पासच्या चढावर ऑइल प्रेशर पडलं आणि इंजिनाने मान टाकली. बस टो करून त्याच गॅरेजात आणली. बाजूची झाकणं काढून पाहिलं तर दोन लायनरना, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्यांना, खोल रेघा आणि एक रिंग तुटलेली. इंजिन नवं बांधायला २१,००० डॉलर सांगतात. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांना विचारलं तर सगळे कपाळाला हात लावतात, म्हणतात सिंगल ग्रेड ४० पाहिजे होतं. गॅरेजवाला म्हणतो, फोर्टी ते फोर्टीच, इंजिन म्हातारं होतं, तुम्हीच चढावर तापवलंत. २,००० डॉलरचा चेक देतोय, पण एका कागदावर सही मागतोय. शिवाय टो आणि तपासणीचे ६४० डॉलर दिल्याशिवाय बस सोडत नाही, आणि 'पूर्ण खोलून बघू, परवानगी द्या' म्हणतो. याला दीड महिना झाला. एक खरं सांगतो. मी त्यांना 'योग्य ते ऑइल टाका' म्हटलं होतं असं मला आठवतं. सौ. म्हणते, मी 'फिफ्टीन-फोर्टी टाका, सगळीकडे चालतं' असं म्हणालो. वडील दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात होते, त्यामुळे डिझेलला एकच ऑइल हे डोक्यात बसलेलं होतं. केस होईल का?"

दादा, तुम्ही मला ताई म्हणालात म्हणून मीही हक्काने सांगते. केस होईल. पण तुम्ही ज्या मुद्द्यावर ती लढायला निघालात, त्यावर ती जिंकली किंवा हरली जाणार नाही. ऑइल चुकीचं होतं हे सिद्ध करणं सोपं आहे. त्या ऑइलनेच इंजिन गेलं, हे सिद्ध करणं अवघड आहे. आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आत्ता गॅरेजवाल्याच्या आवारात, तुमच्या बसच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या टाकीत, पडून आहे.

सोपं आधी उरकते. आपल्याकडे टू-स्ट्रोक म्हटलं की लुना, नाहीतर पेट्रोलमध्ये ऑइल ओतायची स्कूटर डोळ्यांपुढे येते. हे इंजिन तसलं नाही. याला चेंबर आहे, ऑइल पंप आहे, हवा कोंबायला ब्लोअर आहे. फरक असा की फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनवरचा भार मधूनमधून उतरतो आणि तेवढ्यात ऑइल आत शिरतं. इथे पिस्टन प्रत्येक वेळी खाली येतो तो स्फोटाने ढकलला जाऊन, त्यामुळे पिनवरचा दाब हटतच नाही. लायनरला मधोमध हवेची भोकं, आणि रिंगा त्यांच्या कडांवरून सतत घासत जातात. म्हणून डेट्रॉइट डिझेलने या इंजिनांना सिंगल ग्रेड एसएई ४० सांगितलं, दर्जा सीएफ-२, आणि जळून उरणारी राख १ टक्क्याच्या आत, कारण राख एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जमते. १५डब्ल्यू-४० हे मल्टिग्रेड, म्हणजे थंडीत पातळ आणि तापल्यावरही घट्ट राहणारं. त्यात पातळ ऑइलला पॉलिमर घालून घट्टपणा आणलेला असतो, आणि तो पॉलिमर दाबाखाली तुटतो.

गॅरेजवाल्याचं 'फोर्टी ते फोर्टीच' हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं वाक्य कोर्टात त्रासदायक असतं. १०० अंश सेल्सिअसला मोजलं तर १५डब्ल्यू-४० आणि साधं एसएई ४० दोन्ही एकाच पट्ट्यात बसतात. राखेवरही तो अडवेल, कारण सीके-४ ची मर्यादासुद्धा १ टक्काच आहे. त्याला उत्तर द्यायला तुम्हाला रसायनशास्त्र लागणार नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट हे दर्जे ठरवते, आणि तिच्याच तक्त्यात सीके-४ समोर 'फोर-स्ट्रोक डिझेल इंजिनांसाठी' असं छापलेलं आहे. सीएफ-२ समोर, जो दर्जा १९९४ मध्ये आला, 'टू-स्ट्रोक' असं. सीएफ-२ आता त्या तक्त्यात कालबाह्य म्हणून दाखवतात, म्हणजे इतर कुणाला तो लागत नाही. तुमच्या इंजिनाची गरज त्याने बदलत नाही. तो तक्ता आणि इंजिनाच्या पुस्तकातलं ऑइलचं पान, दोन्ही छापून ठेवा.

मे महिन्यातली वर्क ऑर्डर काढून पाहा. त्यावर इंजिनाच्या रकान्यात '८व्ही-७१' लिहिलं आहे का? असेल, तर एका कागदावर '८व्ही-७१' आणि दुसऱ्यावर 'सीके-४', दोन्ही त्यांच्याच हस्ताक्षरात. असा योग मला वकिलीत फार वेळा लाभलेला नाही.

आता कायदा. ऑइल हा माल, तो बदलणं ही सेवा. कोर्ट पाहतं की व्यवहारात मुख्य काय होतं. माल मुख्य धरला, तर कॅलिफोर्निया कमर्शियल कोडचं कलम २३१५ लागतं. तुमचं काम काय हे विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि निवड तुम्ही त्याच्या ज्ञानावर सोडली असेल, तर माल त्या कामाला योग्य असल्याची हमी तो न बोलताही देतो. सेवा मुख्य धरली, तर त्या धंद्यातल्या माणसाकडून अपेक्षित कसब त्याने वापरलं का, हा प्रश्न. दोन्ही वाटा दाव्यात मांडता येतात.

पण २३१५ मधलं 'निवड त्याच्यावर सोडली' हेच तुमचं दुखणं आहे. वहिनींचं आठवणं खरं असेल, तर ती हमी बरीचशी गळून पडते. ग्राहकाने नाव घेऊन माल मागितला तर विकणाऱ्याच्या निवडीवर विसंबलो असं म्हणता येत नाही. तरी निष्काळजीपणाची बाजू उरते. स्पेशालिस्टची पाटी लावणाऱ्याने 'साहेब, याला हे चालत नाही' एवढं तरी बोलायला हवं होतं, हा माझा युक्तिवाद राहील. कॅलिफोर्नियात १९७५ च्या 'ली विरुद्ध यलो कॅब' निकालापासून दोष वाटून धरतात. तुमचा ३० टक्के ठरला, तर भरपाई ३० टक्क्यांनी कमी होते, शून्य होत नाही. तेव्हा वहिनींना 'नीट आठवून बघ' असं दहादा म्हणून त्यांची आठवण वळवू नका. मी हे करणारे नवरे पाहिलेत. उलटतपासणीत बायको एका मिनिटात खरं सांगते, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही न्यायाधीश विश्वास ठेवत नाहीत.

अवघड भाग आता. १,९०० मैल फार कमी आहेत. चुकीच्या ऑइलने इंजिन हळूहळू झिजतं. वर्षानुवर्षं १५डब्ल्यू-४० वर टू-स्ट्रोक हाकणारे लोक आहेत, आणि गॅरेजवाला त्यातला एक साक्षीला आणेल. लायनरला रेघा पडायला इतर कारणं भरपूर : पाणी कमी पडून तापणं, कूलंट ऑइलमध्ये उतरणं, आणि या इंजिनांचं जुनं दुखणं म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरखालून जाणाऱ्या डिझेलच्या नळ्या गळून ऑइलमध्ये डिझेल मिसळणं. डिझेलने पातळ झालेलं ऑइल कुठल्याही ग्रेडचं असलं तरी इंजिन खातं. त्या दिवशी तापमानाचा काटा कुठे होता, दिवा लागल्यावर तुम्ही किती वेळ चालवत राहिलात, हे तुम्हाला विचारलं जाईल. आत्ताच लिहून ठेवा, तारखेसह.

म्हणून पूर्ण खोलायची परवानगी देऊ नका. तुमच्या गैरहजेरीत तर मुळीच नाही. इंजिन खोललं की चेंबरचं ऑइल ड्रमात जाणार, आणि तुमची केस त्याच ड्रमात. आजच ई-मेल आणि पोस्टाने, पोच मिळेल असं, पत्र पाठवा. त्यात लिहा की मेमध्ये टाकलेल्या ऑइलमुळे इंजिनाचं नुकसान झालं असा तुमचा दावा आहे; ऑइल, फिल्टर, काढलेले भाग यांना हात लावू नये; त्यांनी आपल्या विमा कंपनीला कळवावं; आणि तपासणी दोन्ही बाजूंसमोर होईल. या पत्राची दोन कामं आहेत. माल घेणाऱ्याने दोष कळल्यावर वाजवी वेळात विकणाऱ्याला कळवलं नाही तर हक्क जातो, हे त्याच कमर्शियल कोडचं कलम २६०७. दीड महिना अजून वाजवी आहे, आणखी सहा महिने नसतील. आणि पत्र मिळाल्यावरही पुरावा नष्ट केला, तर कॅलिफोर्नियाच्या एव्हिडन्स कोडच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ४१३ प्रमाणे न्यायाधीश त्याचा अर्थ त्यांच्याविरुद्ध लावू शकतात.

मग ६४० डॉलर भरा. मनाविरुद्ध असलं तरी भरा, पावतीवर 'हरकत नोंदवून' असं लिहून. काम केलेल्या गॅरेजाला पैसे मिळेपर्यंत गाडी अडवायचा कायदेशीर हक्क असतो, वर ठेवण्याचं भाडं चढत जातं, आणि प्रकरण गाडीच्या लिलावापर्यंत जाऊ शकतं. हे पैसे दाव्यात परत मागता येतील. बस दुसऱ्या, टू-स्ट्रोक खरोखर ओळखणाऱ्या मिस्त्रीकडे न्या. जुने कोच आणि बोटींची इंजिनं करणारे लोक अजून आहेत.

तिथे चेंबरचं ऑइल दोन स्वच्छ बाटल्यांत घ्या, सील करा, तारीख घाला. एक बाटली ऑइल तपासणाऱ्या लॅबला, एक जपून. घट्टपणा किती उतरला, डिझेल किती मिसळलं, कूलंटचा अंश आहे का, लोखंड किती आलं, हे अहवालात येईल. बाजूच्या झाकणांतून लायनर आणि रिंगांचे फोटो काढून घ्या. या इंजिनांत हेड न उतरवता ते दिसतं, ही मोठी सोय आहे. डिझेल नाही, कूलंट नाही, पण ऑइल पार पातळ, असा अहवाल आला, तर तुमचं पारडं जड. डिझेल भरपूर निघालं, तर तो २,००० चा चेक मला आत्तापेक्षा बराच गोड वाटेल. तपासणी विरुद्ध जाईल म्हणून टाळू नका. आंधळेपणाने लढण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

तोवर चेक वटवू नका. 'पूर्ण आणि अंतिम' असं लिहिलेला चेक वादग्रस्त रकमेपोटी वटवला, की वाद मिटला असं धरलं जाऊ शकतं. सहीचा कागद तर त्यासाठीच आहे.

पैशांचं गणित तुम्हाला आवडणार नाही. २१,००० मिळणार नाहीत. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या वर गेला, तर भरपाई किमतीपाशी थांबते, आणि बस तुम्ही १६,५०० ला घेतलीत. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या इंजिनाच्या जागी नवं बांधलेलं मिळालं तर तो फायदा वजा करा, असं समोरचा म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. अशा वेळी स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट, बरं. १ जानेवारी २०२४ पासून व्यक्तीला तिथे १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात. फी ७५ डॉलरच्या वर नाही. पुराव्याचे नियम सैल असल्याने मिस्त्रीचं लेखी मत आणि लॅबचा अहवाल न्यायाधीश पाहतात. वकील उभा करता येत नाही, म्हणजे मीही नाही. वरच्या रकमेवर पाणी सोडावं लागतं, आणि वादी म्हणून हरलात तर अपील नाही. गॅरेजवाल्याला मात्र आहे. ३५,००० पर्यंतचा मोठा दावा वेगळ्या कोर्टात लावता येईल, पण तिथे वकिलाची फी आपली आपण द्यायची, आणि ती तुमच्या बसपेक्षा जास्त वेगाने धावते.

दावा लावण्याआधी पैशांची मागणी केलेली असणं स्मॉल क्लेम्समध्ये बंधनकारक आहे. लॅबचा अहवाल हाती आला की आकडा घालून दुसरं पत्र पाठवा आणि पंधरा दिवस द्या. माझा अंदाज, अहवाल चांगला आला तर ते ६ ते ८ हजारांवर बोलायला येतील. मुदतीची घाई नाही. मालाच्या हमीला ४ वर्षं, मालमत्तेच्या नुकसानीला ३. पण तोंडी कराराला २ च आहेत, आणि तुमचं काउंटरवरचं बोलणं तोंडीच होतं, म्हणून मेपासून २ वर्षं हीच मुदत धरून चाला.

तुम्ही आणि वहिनी, दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून त्या दिवशी काउंटरवर काय बोलणं झालं ते आपापल्या शब्दांत लिहा, एकमेकांना न दाखवता मला पाठवा. वर्क ऑर्डर आणि बिल, दोन्हींचे पुढचे-मागचे फोटोही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात त्यांनी आपली जबाबदारी किती कमी करून घेतली आहे, आणि ते तुम्ही सही करण्याआधी छापलेलं होतं की नंतर हातात आलं, ते मला पाहायचं आहे.