वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीतून घरचं मशीन

प्रश्न : आमचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन टब फुटल्याने भंगारात निघालंय, पण दोन्ही मोटारी चालू आहेत. मी लाकडी खेळणी करतो. घासकामासाठी चकतीचं सँडर बनवायचंय. कोणती मोटार घेऊ? वायरी तीन आहेत, त्यांचा मेळ लागत नाही.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : धुण्याच्या बाजूची घ्या. ड्रायरची मोटार थोडी मिनिटं फिरून थांबण्यासाठीच केलेली असते, तासभर घासकाम काढलंत तर ती तापून बसेल. धुण्याची मोटार मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांची, कंडेन्सरवर (कपॅसिटरवर) चालणारी. तिला दोन्ही दिशांना सारख्याच जोराने फिरायचं असतं, म्हणून तिची दोन्ही वाइंडिंग (आतले तारेचे वेढे) सारखी भरलेली असतात. वायरी ओळखायची किल्ली हीच.

कंडेन्सर सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावा. ज्या दोन वायरींमध्ये आकडा सर्वांत मोठा, ती दोन टोकं. उरलेली कॉमन, म्हणजे दोन्ही वाइंडिंगची सामाईक. कॉमनपासून दोन्ही टोकांना आकडा जवळपास सारखा आणि टोकापासून टोकाला त्याच्या दुप्पट आला पाहिजे. एका बाजूला ठळक कमी आला तर आतले वेढे शॉर्ट आहेत, त्या मोटारीवर वेळ घालवू नका. कुठल्याही वायरीपासून बॉडीला रीडिंग दाखवलं तरी ती बाद.

आता जोडणी. कंडेन्सर दोन टोकांच्या मध्ये, न्यूट्रल कॉमनला, फेज कुठल्याही एका टोकाला. उलटी फिरली तर फेज दुसऱ्या टोकाला न्या. टायमर मात्र काढूनच टाका, तो मोटार उलटसुलट फिरवत राहील. कंडेन्सर फुगला असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा नवा घाला. जुन्याला हात लावण्याआधी बल्ब टेकवून तो रिकामा करा.

चकती प्लायवुडची, ६ इंची, बरोबर मध्यावर बसवलेली हवी. मध्य जरा जरी सरकला तरी सगळं टेबल थरथरतं आणि बेअरिंग वाजायला लागतं. समोर उभं राहून पाहा, चकतीची अर्धी बाजू वर जाते, अर्धी खाली. लाकूड नेहमी खाली जाणाऱ्या अर्ध्यावरच टेकवा, म्हणजे ते टेबलावर दाबलं जातं. दुसऱ्या बाजूला ते उसळून तोंडावर येतं.

आपल्या हवेची गोष्ट सांगतो. मोटारीचं रेटिंग साधारणपणे ४० अंशांची हवा धरून काढलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्तच असतं, म्हणून उन्हाळ्यात मशीन सकाळी चालवा. भुसा जाईल म्हणून मोटार डब्यात कोंबू नका. चकती आणि मोटार यांच्यामध्ये एक फळी आडवी घाला आणि मागची बाजू मोकळी सोडा. पुलीला जोडून पंखा असेल तर तोही काढू नका. प्लास्टिकच्या टबात बसलेली ही मोटार आता तुमच्या लोखंडी स्टँडवर येणार, तेव्हा अर्थिंगची वायर स्टँडला आणि मोटारीच्या बॉडीला दोन्हीकडे बांधा. हे झाल्याशिवाय स्विच पाडायचा नाही.

प्रश्न : घरात ७५० वॅटचा जुना मिक्सर पडलाय. त्याच्या मोटारीवर विळ्या-कोयत्यांना धार लावायचा दगड बसवता येईल का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही, कृपा करून बसवू नका. वॅट बघून फसू नये, फेरे बघावेत. मिक्सरची मोटार कार्बन ब्रशवर (वीज पोचवणाऱ्या घासत्या तुकड्यांवर) चालते आणि लोड नसेल तर मिनिटाला १८ ते २० हजार फेऱ्यांपर्यंत पळते. धारेच्या ६ इंची दगडाची मर्यादा साधारण साडेचार हजारांच्या आत असते. त्यापुढे दगड फुटतो आणि तुकडे समोरच्या माणसाकडे येतात. रेग्युलेटर लावून वेग उतरवला तर जोरही उतरतो, दगड टेकवताच मोटार बसते. हात सुटला की ती पुन्हा पळते, ते वेगळंच.

धारेसाठी अर्धा एचपीच्या बंद पडलेल्या मोनोब्लॉक (मोटार जोडूनच असलेल्या) पंपाची मोटार शोधा. इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) गेलेला पण वाइंडिंग शाबूत असलेला पंप भंगारात मिळतो. मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे, दगडाला अगदी योग्य. दगडावर छापलेला वेग वाचून घ्या, गार्ड लावा, डोळ्यांना चष्मा. मिक्सरची मोटार फ्लेक्सिबल शाफ्ट जोडून बारीक कोरीवकामाच्या बिटांना वापरा. मात्र थोडं चालवून थांबवा, ती सलग चालायला केलेली नसते.

प्रश्न : घरी विणकामाच्या सुताच्या कांड्या भरण्यासाठी जुन्या सीलिंग फॅनची मोटार चालेल का?
— एक वाचक, पूर्व भाग

उत्तर : फॅनमध्ये शाफ्ट स्थिर असतो आणि बाहेरचा डबा फिरतो, त्यावर कांडी धरायची सोय करणं जिकिरीचं. जोरही बेताचा. त्यापेक्षा शिलाई मशीनची जुनी मोटार पायडलसकट घ्या. कांडीला सुरुवातीला हळू फिरवावं लागतं, नाहीतर सूत तुटतं. पायडल दाबाल तसा वेग येतो आणि दोन्ही हात सुतासाठी मोकळे राहतात. कार्बन झिजलेत का ते आधी बघा. ते किरकोळ पैशांत मिळतात.