काठीनं पानं सारली आणि शंभर पौंडांची नोटीस आली

प्रश्न : ताई, मी ७१ वर्षांचा, मूळ सांगलीचा. सहा महिन्यांसाठी इंग्लंडला लेकीकडे आलोय. ती आणि जावई कामावर जातात, म्हणून त्यांच्या लॅब्रेडॉरला, बर्फीला, सकाळी फिरवून आणायचं काम माझ्याकडे. मागच्या मंगळवारी तिनं बागेत दोनदा शी केली. पहिली मी उचलली. दुसऱ्या वेळी खिशात पिशवीच नव्हती, म्हणून काठीनं ओली पानं वर सारली. तेवढ्यात मागून गणवेशातली एक बाई आली, नाव-पत्ता विचारला आणि १०० पौंडांची नोटीस हातात ठेवली. कुत्रं लेकीचं, मग दंड मला कसा? व्हिसाला काही अडचण येईल का? लेकीला अजून सांगितलेलं नाही. आणि झाकलं होतं हो मी नीट!
— एक आजोबा

उत्तर : काका, आधी व्हिसाचं बोलू, कारण झोप त्यानंच उडाली असणार. ही नोटीस म्हणजे तुमच्यावर गुन्हा शाबीत झाला असं नाही. मुदतीत पैसे भरलेत की प्रकरण तिथंच मिटतं. कोर्ट नाही, गुन्हेगारी नोंद नाही. मुदत साधारण १४ दिवसांची असते. लवकर भरले तर काही कौन्सिल, म्हणजे इथल्या नगरपालिका, रक्कम कमीही करतात, नोटिशीवरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचा. नोटीस पाकिटात घालून गप्प बसलात तर मात्र प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, आणि तिथला दंड १००० पौंडांपर्यंत जातो.

आता दंड तुम्हाला का. कुत्रं कुणाच्या नावावर आहे हे इथं बघत नाहीत, त्या वेळी ते कुणाच्या ताब्यात होतं ते बघतात. पट्टा तुमच्या हातात, म्हणजे जबाबदारीही तुमची. २०१४ च्या एका कायद्यानं कौन्सिलना आपापल्या हद्दीतल्या बागा-रस्त्यांसाठी ‘कुत्र्याची शी उचला, नाहीतर दंड भरा’ असे हुकूम काढता येतात. एक हुकूम जास्तीत जास्त तीन वर्षांचा, मग पुन्हा विचार करून वाढवायचा. ‘पिशवी नव्हती’ आणि ‘माझं लक्ष नव्हतं’ या दोन्ही सबबी चालत नाहीत. डॅव्हेंट्री नावाच्या गावच्या कौन्सिलनं तर २०१५ मध्ये कुत्रं फिरवताना जवळ पिशवी नसणं हाच गुन्हा ठरवला होता!

मी नऊ वर्षं इथल्या एका कौन्सिलच्या पर्यावरण खात्यात फोन घेत होते. कचरा, उंदीर, शेजाऱ्याचा आवाज, सगळ्याच तक्रारी यायच्या, पण कुत्र्याच्या शीवरून माणसं जेवढी चिडायची तेवढी कशावरूनच नाही. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा व्हीलचेअर वापरणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, ‘तुमचा बूट भरतो. मी चाक हातानं फिरवतो, ते माझ्या तळहाताला लागतं.’ त्यानंतर नाही हसले.

तुमच्या ‘नीट झाकलं होतं’ याचा मला राग नाही येत. आमच्याकडे मांजरानं घाण केली की आजी चुलीतली राख आणून वर टाकायची आणि मग सुपलीत भरून लांब नेऊन टाकायची. आपण राखेचा भाग लक्षात ठेवला, सुपलीचा विसरलो. कुत्र्याच्या शीतून टोक्सोकारा नावाच्या जंताची अंडी पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे मुरली की बाधायला लागतात आणि मग पुढे कितीतरी महिने, कधी वर्षंही, तशीच टिकतात. मातीत खेळलेला हात पोरानं तोंडात घातला की अंडी पोटात. क्वचित डोळ्याला कायमची इजा होते. उघडी पडलेली शी निदान दिसते तरी, पानांखालची कुणाला दिसणार?

तुमचं नशीब एवढंच वाईट की तुम्ही सापडलात. फार थोडे सापडतात. अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष बघावं लागतं, आणि खरे बेफिकीर लोक हिवाळ्यात अंधार पडल्यावर कुत्रं बाहेर काढतात. म्हणून काही कौन्सिल ढिगाऱ्यांवर भडक रंगाचा फवारा मारून ठेवतात, सगळ्या गल्लीला दिसावं म्हणून. ‘कीप ब्रिटन टायडी’ या संस्थेनं अंधारात चमकणाऱ्या डोळ्यांची पोस्टरं लावून पाहिली, तर त्या जागची घाण जवळजवळ निम्म्यानं घटली. कागदी डोळ्यांना भिणारी माणसं शेजाऱ्याला भीत नाहीत, ही गंमतच. दुसरी एक जमात शी इमानदारीत पिशवीत भरते आणि पिशवी झाडाच्या फांदीला लटकवून जाते. त्यांचं डोकं कसं चालतं ते मला नऊ वर्षांत कळलं नाही.

हे सगळं परदेशातलंच असंही समजू नका. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्यानं रस्त्यात केलेली घाण न उचलणाऱ्या मालकाला ५०० रुपये दंड होता. पण आपल्याकडे रस्त्यावरच्या निम्म्या-अधिक कुत्र्यांचा मालक शोधायचा कुठे? आणि ज्याला मालक आहे, ते कुत्रं फिरवतो गडी.

लेकीला आजच सांगा. पैसे ऑनलाइन भरायला तिचं कार्ड लागेलच, आणि पिशव्या कमी पडल्या ही चूक थोडी तिचीही आहे. पट्ट्याला अडकवायची पिशव्यांची छोटी डबी मिळते, ती लावून घ्या. भरलेली पिशवी गाठ मारून साध्या कचरापेटीत टाकली तरी चालते, कुत्र्यांची वेगळी पेटी शोधत हिंडू नका.

नोटिशीच्या गडबडीत तो दुसरा ढिगारा उचललात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर उद्या सकाळी बर्फीला घेऊन तिथूनच सुरुवात करा, पानं तुम्हीच सारलीत, जागा तुम्हालाच ठाऊक आहे.