ॲव्हरेज बाराचं, व्याज तेराचं

धायरीच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१, नोकरी हिंजवडीत, ऑफिसला कंपनीच्या बसने जाणं-येणं. हातात महिना १ लाख १० हजार, त्यातले २९ हजार घराच्या हप्त्यात जातात. घरात सहा माणसं. जुनी वॅगन आर दोन लाखांना विकली. आता वापरलेली मोठी गाडी घ्यायची आहे: २०१८ ची डिझेल इनोव्हा क्रिस्टा १४ लाखांना, नाहीतर २०२१ ची सीएनजी अर्टिगा साडेनऊ लाखांना. महिन्याला ९०० किलोमीटर फिरणं, त्यातच कऱ्हाडजवळच्या गावी वर्षातून चार-पाच फेऱ्या. ‘इनोव्हा बाराचं ॲव्हरेज देते म्हणतात. परवडेल का?’ प्रश्न एवढाच.

आणि खाली ता. क.: ‘बँकेतले आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) म्हणाले, गाडीसाठी एफडी मोडू नका, कर्ज घ्या. दहा लाखांच्या एफडीतून दोन लाख काढून गॅरंटीड इन्कम प्लॅन, म्हणजे ठरावीक उत्पन्न देणारी विमा पॉलिसी, सुरू केला आहे. त्यातून गाडीचा हप्ता निघेल.’

आधी तुम्ही विचारलंय ते उरकू. वर्षाला ११ हजार किलोमीटर धरा. इनोव्हा बाराने चालली तर सव्वानऊशे लिटर डिझेल, ९० रुपयांनी ८३ हजार. अर्टिगाला तुम्ही २६ धरलेत. तो कंपनीचा आकडा. सिंहगड रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या, माणसांनी भरलेल्या गाडीला २० धरा. साडेपाचशे किलो गॅस, तोही ९० रुपयांनी, म्हणजे ५० हजार. फरक वर्षाला ३३ हजार. गंमत म्हणजे हीच अर्टिगा नुसत्या पेट्रोलवर चौदाने चालवलीत तर खर्च इनोव्हाएवढाच, ८२ हजार. गाडी मोठी म्हणून इंधन जास्त, असं सरळ नसतं.

पण गाड्यांच्या किमतीत साडेचार लाखांचा फरक आहे. वापरलेल्या गाडीच्या कर्जाला १३ टक्के धरले तर त्या साडेचार लाखांवर पहिल्याच वर्षी ५५ हजारांच्या आसपास व्याज जातं. डिझेलचा हिशेब पंपावर दिसतो म्हणून तो खुपतो. व्याज खात्यातून मुकाट्याने जातं. (दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात काढावी लागते, असं तुम्हाला कुणी सांगितलंय. तो नियम दिल्ली परिसराचा. आपल्याकडे नोंदणी १५ वर्षांची.)

तर अर्टिगा. एक अडचण मात्र खरी आहे. तिसरी रांग उघडल्यावर तिच्या डिकीत आधीच जागा थोडी, त्यात सिलिंडर. सहा माणसं, बॅगा आणि येताना गावाकडून तांदळाचं पोतं, हे जमणार नाही. वर कॅरिअर बसवावा लागेल. गॅसकिट कंपनीतून बसवलेलं आहे का आणि आरसीवर पेट्रोल/सीएनजी अशी नोंद आहे का, ते बघा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. २०२१ च्या गाडीची एकदा तरी झालेली असायला हवी. तारीख सिलिंडरच्या पट्टीवर असते.

आता ता. क. गाडीसाठी एफडी मोडायची नाही, पण पॉलिसीसाठी मोडायची? हे ऐकून तुम्हाला काहीच खटकलं नाही?

तुम्ही पाठवलेलं माहितीपत्रक वाचलं. वर्षाला दोन लाख, पाच वर्षं. सातव्या वर्षअखेरीपासून दरवर्षी ८० हजार, १५ वेळा, आणि शेवटी भरलेले दहा लाख परत. दहाचे बावीस! पण ते बावीस होतात २१ वर्षांत. परतावा येतो साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तेराने कर्ज काढायचं आणि साडेपाचने गुंतवायचं, याला कोणी नियोजन म्हणत असेल तर मी माझा धंदा बंद करतो.

आणि हप्ता निघेल कसा? इनोव्हासाठी १२ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता महिना २७ हजार, वर्षाला सव्वातीन लाख, तोही पुढच्या महिन्यापासून. पॉलिसीचे ८० हजार सुरू होतील तेव्हा कर्ज फिटून दोन वर्षं झालेली असतील. तोवर हप्ता पगारातून, प्रीमियम एफडीतून, आणि पाचव्या प्रीमियमला एफडीचं खातं रिकामं. मधे वडिलांचं ऑपरेशन निघालं तर?

पॉलिसीचा मेल तुम्हाला ३ तारखेला आला. कागद टपालाने कधी येतात याची वाट बघू नका, फ्री लूकचे तीस दिवस मेलपासूनच मोजा. या मुदतीत पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं जोखमीचं शुल्क कापून बाकी पैसे मिळतात. म्हणून हे उत्तर छापायची वाट न बघता तुम्हाला मेल केला. त्यावर तुमचं उत्तर आलं, ‘आरएम म्हणतात, सर, निदान एक वर्ष तरी चालू ठेवा.’ ठेवतील ना, त्यांचं टार्गेट आहे! वर्षानंतर मोडलीत तर दोन लाखांतले बरेच तिथेच राहतील. विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा ‘फक्त हो म्हणा’ असं त्यांनी आधीच पढवलं होतं, हेही तुम्हीच लिहिलंय. पॉलिसी परत करण्याचा अर्ज आरएमच्या हातात देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत द्या, प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार, तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय नारायण पेठेतच आहे.

पैसे परत आले की दहा लाख आणि वॅगन आरचे दोन. अर्टिगासाठी त्यातले सहा घाला, साडेतीन लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी, हप्ता १२ हजारांच्या आत. उरलेल्या सहातले पाऊण लाख टायर, बॅटरी, नावावर करणं आणि विमा यांना. बाकीच्याला हात लावायचा नाही.

घरावर अजून ३२ लाखांचं कर्ज आहे आणि विमा फक्त कंपनीचा, तो नोकरी असेपर्यंत. दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत तुमचं बरंवाईट झालं तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. आरएमने तो सुचवला नाही, कारण त्यात त्याला फारसं मिळत नाही.

आईंचे गुडघे दुखतात ना? गाडी बघायला जाताना त्यांनाही न्या आणि दोन-तीनदा चढ-उतर करायला सांगा. पण आधी शाखेत जा. पोच मिळाली की कळवा, गाडीचं त्यानंतर.