नानकटाई पसरते? आधी तूप-तेल बघा

मैदा बदलण्याआधी सांगा, नानकटाईत घालता काय? खोबरेल असेल तर कारण तिथेच आहे. ते 24-25 अंशांना वितळतं, म्हणजे रत्नागिरीच्या मे महिन्यात घट्ट राहणारच नाही. आणि पातळ तेल साखरेबरोबर कितीही फेटलं तरी त्यात हवा टिकत नाही.

हे नीट समजून घ्या, पुढे फार उपयोगी पडेल. तेल-तूप मेदाम्लांचं, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांचं बनलेलं असतं. संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्लाची साखळी सरळ असते, त्यामुळे साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि स्फटिक तयार होतात. शेंगदाणा तेलात भरपूर असलेल्या ओलिक आम्लाची साखळी मध्येच वाकलेली, म्हणून ते पातळ. मग जवळजवळ 90 टक्के संपृक्त असूनही खोबरेल लवकर का वितळतं? त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी आखूड, 12 कार्बनची. आपल्या भिरंडेलात, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलात, 18 कार्बनचं स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त. ते ऐन उन्हाळ्यातही कडक राहतं आणि 40 अंशांच्या आसपास वितळतं. नुसतं भिरंडेल मात्र घालू नका, नानकटाई टाळूला मेणचट लागेल.

माझं मत विचाराल तर तूपच घ्या. पण सावकाश गोठलेलं रवाळ तूप फेटायला चांगलं नाही. ते वितळवा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि सतत ढवळत गार करा. स्फटिक बारीक होतात. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला की फेटायला घ्या. वळलेले गोळे भाजण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.